सही घेतल्याशिवाय

आठवीत असताना शाळेतून ई.बी.सी. सवलतीचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणाऱ्या फीमाफीचा, छापील अर्ज मिळाला होता. घरातले असले अर्ज भरायचे काम माझ्याकडेच असे, कारण आईची अक्षरओळख बेताची होती आणि तात्यांच्या हाताला स्वतःची सही सोडली तर लिहिण्याची सवय नव्हती. पालकाचे नाव, गाव, तालुका पाटण, जिल्हा सातारा इथपर्यंत मी सरळ आले. व्यवसायासमोर मी 'हमाली' लिहायला घेतले, तेव्हा तात्यांनी हात वर करून थांबवले आणि 'माथाडी कामगार' असे लिहायला लावले. पुढचा रकाना होता 'मालकाचे नाव व पत्ता'. तात्या जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला आणि विचारात पडले.

"कुठल्या मालकाचं सांगू? काल तिघांचा माल उतरवला, आज पाच जणांचा. उद्या कुणाचा, ते ट्रक आल्यावर कळायचं." मग थोडे थांबून म्हणाले, "मंडळ लिही."

मी 'मंडळ' लिहिले. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांनी अर्ज वाचून, "मंडळ म्हणजे कुठले, गणपतीचे काय?" असे विचारले आणि वर्ग हसला. त्या हसण्याचा मला राग आला होता, पण माझ्याजवळही उत्तर नव्हते. आठवडाभराने तात्यांनी किराणा बाजाराच्या मंडळाच्या कचेरीतून शिक्का मारलेला एक दाखला आणून दिला. त्यावर त्यांचे नाव होते, नोंदणी क्रमांक होता, टोळीचा क्रमांक होता आणि वर्षभराची कमाई आकड्यांत आणि अक्षरांतही लिहिलेली होती. मालकाचे नाव त्यातही नव्हते. ज्याला मालक नाही त्याच्या पगाराचा दाखला निघतो, ही गोष्ट किती नवलाची आहे ते समजायला मला आणखी बारा-तेरा वर्षे लागली.

ते समजले टंकलेखन यंत्रासमोर बसल्यावर. कामगार न्यायालयात प्रकरणे चालवणाऱ्या एका वकिलांकडे मी काही वर्षे काम केले. तिथे एका कैफियतीत 'असंरक्षित कामगार' हा शब्द प्रथम माझ्या बोटांखालून गेला. 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९' असे लांबलचक नाव असलेल्या कायद्यातला तो शब्द आहे. त्याची व्याख्या साध्या भाषेत सांगायची तर अशी होते, की अंगमेहनतीचे काम करणारा जो माणूस हा कायदा नसता तर इतर कायद्यांनी पुरेसा सांभाळला गेला नसता, तो असंरक्षित कामगार. एखाद्या माणसाची ओळख त्याच्याजवळ जे नाही त्यावरून करून द्यावी, अशी ही व्याख्या आहे. मी ती दोनदा वाचली आणि मला जेवणाच्या ताटासमोर थांबलेले तात्या आठवले.

तात्या मुंबईला आले ते १९६८ मध्ये, म्हणजे कायद्याच्या आदल्या वर्षी. मशीद बंदराच्या बाजूला गावकीची एक खोली होती. तिच्यात पंचवीस-तीस माणसांच्या वळकट्या आणि ट्रंका असत, आणि माणसे पाळीपाळीने झोपत. उन्हाळ्यात बहुतेक जण बाहेर हातगाडीवर नाहीतर गोण्यांच्या थप्पीवरच पथारी टाकत. जेवण खानावळवाल्या मावशीकडे, हिशेब महिन्याचा. काम मुकादमाच्या हाती होते. कुठल्या पेढीवर कोण जाणार, गोणीमागे काय मिळणार, त्यातले मुकादमाचे किती, हे तोच ठरवी आणि संध्याकाळी जे हातात पडे ते मोजून घ्यायचे, विचारायचे काही नाही. कारण विचारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम नसे.

गोणी तेव्हा शंभर किलोची होती. ती उचलायची कशी, हे तात्यांनी मला एकदा घरातल्या उशीवर करून दाखवले होते. दोघे जण गोणीच्या दोन बाजूंना उभे राहतात, हातातले लोखंडी आकडे तागात रुतवतात आणि एका दमात ती कमरेच्या वर घेतात. त्याच क्षणी तिसरा गुडघ्यात वाकून, पाठ फिरवून तिच्याखाली शिरतो. ती खांद्यांच्या मधोमध पडली पाहिजे, चार बोटे खाली पडली तर कंबर जाते आणि चार बोटे वर पडली तर मान जाते. मग डोक्यावरून हात मागे नेऊन वरचा कोपरा आकड्याने धरायचा आणि ट्रकच्या फळीवरून खाली उतरायचे. फळी लवते. ती लवत असताना पाऊल कधी टाकायचे याचा ताल पायाला शिकावा लागतो, आणि हा ताल शिकवणारा कुणी नसतो. तात्यांच्या मानेच्या मागच्या बाजूला, मणका सुरू होतो तिथे, लिंबाएवढा घट्टा होता. लहानपणी मी त्यावर बोट दाबून पाहत असे. तो हाडासारखा लागे.

आता या माणसाला कायद्याने काय द्यायचे? मुंबईतल्या कामगाराला कायदे नवीन नव्हते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली ती १८८४ मध्ये, आणि १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी जाहीर झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कारखाने अधिनियम आला, त्याच वर्षी कामगार राज्य विम्याचा कायदा आला, १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा आला. पण या साऱ्या कायद्यांच्या मुळाशी एक गृहीत होते, की कामगाराला एक मालक आहे, त्याच्या दारावर पाटी आहे, आत हजेरीपट आहे आणि भोंगा वाजला की कामगार त्या दारातून आत जातो. गिरणीतला माणूस त्या चित्रात बसत होता. हमाल बसत नव्हता. तो दिवसभरात सात दारांतून आत जात होता आणि सातही दारांवरचे शेटजी खरेपणानेच म्हणू शकत होते, की हा माझा नोकर नव्हे, मी याला गोणीचे पैसे दिले आणि विषय संपला. न्यायालयात मालक-नोकर नाते सिद्ध करायचे तर हुकूम कोणाचा, देखरेख कोणाची, कामावरून काढण्याचा अधिकार कोणाचा, असे प्रश्न विचारले जातात. हमालाच्या बाबतीत यातल्या एकाही प्रश्नाला धड उत्तर नव्हते.

स्वतः हमाली केलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली, आणि साठीच्या दशकातल्या संपांतून, मोर्चांतून हा कायदा झाला. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. त्या लढ्याविषयी बरेच लिहिले गेले आहे आणि दर वर्षी २५ सप्टेंबरला, अण्णासाहेबांच्या जयंतीला, माथाडी मेळाव्यात ते बोलले जाते. मला त्यापेक्षा कायद्याच्या रचनेविषयी बोलायचे आहे, कारण इतकी साधी आणि इतकी हुशार रचना मी वकिलांच्या कपाटातल्या दुसऱ्या कुठल्याही कामगार कायद्यात पाहिली नाही.

या कायद्याने मालक कोण, हा वाद सोडवला नाही, तो बाजूला सारला. एकेका बाजारासाठी आणि व्यवसायासाठी मंडळ नेमले, कापड बाजाराचे वेगळे, लोखंड-पोलादाचे वेगळे, किराणा बाजाराचे वेगळे. मंडळावर सरकारची माणसे, व्यापाऱ्यांची माणसे आणि कामगारांची माणसे. व्यापाऱ्याने मंडळात नोंद करायची, कामगारानेही करायची. मजुरीचे दर एकट्या शेटजीने ठरवायचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे पैसे हातावर द्यायचे नाहीत. टोळीने माल उतरवला, थप्पी लावली, की त्याची चिठ्ठी बनते. त्या चिठ्ठीवरची मजुरी व्यापारी मंडळात भरतो, आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी आणखी एक रक्कम भरतो. तिला बाजारात सगळे 'लेव्ही' म्हणतात. मंडळामंडळाप्रमाणे तिचा दर वेगवेगळा असतो. समजा तो चाळीस टक्के आहे. तर शंभर रुपयांच्या हमालीला व्यापाऱ्याने एकशे चाळीस भरायचे. शंभर रुपये टोळीच्या खात्यावर जातात आणि महिन्याच्या शेवटी हजेरीप्रमाणे टोळीतल्या माणसांत वाटले जातात. वरच्या चाळिसांतून भविष्य निर्वाह निधी, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, दिवाळीचा बोनस, भरपगारी रजा, दवाखाना अशी सगळी सोय होते आणि मंडळाचा कारभारही चालतो. अपघात झाला तर नुकसानभरपाईचा कायदा आणि वेतन वेळेवर देण्याचा कायदा या नोंदलेल्या कामगारांना लागू केला गेला.

म्हणजे सात दारांतून आलेले सात ओहोळ एका विहिरीत सोडले, आणि माणसाला विहिरीशी बांधले. दार बदलले, शेटजी बदलला, पेढी बुडाली, तरी माणसाचा क्रमांक तोच राहिला. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला धान्याचा आणि मसाल्याचा बाजार मशीद बंदरातून वाशीला गेला, तेव्हा आमच्या घरात मोठी घालमेल झाली होती. गिरण्या तोवर बंद पडत चालल्या होत्या आणि बंद पडलेल्या गिरणीच्या कामगाराचे काय होते ते आम्ही आमच्याच चाळीत पाहत होतो. पण बाजार हलला तशी टोळीही हलली. तात्यांच्या खात्यात एक दिवसही खंड पडला नाही. पुढे सिडकोच्या वसाहतीत, कोपरखैरण्याला, एका खोलीचे घर मिळाले. आईने त्या घरात पहिल्यांदा स्वतंत्र मोरी पाहिली आणि दोन दिवस ती पुन्हा पुन्हा धुतली.

मजुरी मंडळातून आल्यामुळे आमच्या घरात एक बदल झाला, जो कुठल्या अहवालात येणार नाही. रोजच्या रोज पैसे हातात पडत होते तेव्हा ते रोजच्या रोज जातही होते. गुत्ता बाजारातच होता. महिन्याच्या ठरल्या तारखेला, पावतीसह पैसे येऊ लागले तेव्हा आईने पहिल्यांदा वाणसामानाची यादी केली. पावतीवर किती हजेरी, किती कमाई, किती कपात, हे छापलेले असे आणि ती मी वाचून दाखवत असे. आईला शेवटचा आकडा महत्त्वाचा वाटे. तात्या मात्र हजेरीचा आकडा दोनदा वाचायला सांगत.

या साऱ्या यंत्रणेचा कणा म्हणजे ती चिठ्ठी आणि चिठ्ठीवरची व्यापाऱ्याची किंवा त्याच्या मेहताजीची, म्हणजे हिशेबनिसाची, सही. सही नसेल तर काम झालेच नाही. तात्यांना कायद्याचे नाव सांगता येत नसे, कलमे तर दूरच. त्यांचा कायदा एका वाक्याचा होता आणि टोळीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला ते तो ऐकवत, "सही घेतल्याशिवाय गाळा सोडायचा नाही." पावसाळ्यात रात्री नऊ-नऊ वाजता घरी येत, का उशीर झाला विचारले तर म्हणत, मेहताजी सही न करताच देवळात गेला होता. आईला हे पटत नसे. एका चिठ्ठीपायी दोन तास पायरीवर बसून राहायचे म्हणजे काय! आता मी हिशेब करते, की दर दिवशीच्या तीन-चार चिठ्ठ्या आणि चाळीस वर्षे. तेवढ्या सह्यांवर आमचे शिक्षण झाले, थोरल्या बहिणीचे लग्न झाले आणि तात्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली.

पण हा कायदा म्हणजे सगळे आलबेल, असे लिहिले तर तात्याच मला हसतील. रोख घ्या आणि चिठ्ठी विसरा, असे म्हणणारे व्यापारी पहिल्यापासून होते. लेव्ही वाचते, म्हणून ते हमाली दोन रुपये चढीच देत आणि गरजू माणूस ते घेई. पुढे माथाडीच्या नावाखाली दमदाटी करणाऱ्या टोळ्या निघाल्या. बांधकामावर विटांचा ट्रक आला, की ज्यांनी वीट उचललेली नाही असे चार धट्टेकट्टे लोक हमाली मागायला उभे. कारखानदार या कायद्याला नावे ठेवतात ती बरीचशी या लोकांमुळे, आणि त्यांचे ते म्हणणे खोटे नाही. खऱ्या माथाडीची त्यात जेवढी बदनामी झाली तेवढी शेटजींनीही कधी केली नव्हती. टोळीतली जागा हीसुद्धा हळूहळू मिळकत झाली. बाप निवृत्त झाला की मुलगा, मुलगा नसला तर जावई, आणि कधी कधी पैसे मोजून तिसराच कोणी. कायद्याने माणसाला संरक्षण दिले, माणसाने त्याचा सातबारा करून ठेवला.

त्यातली एक गोष्ट मला तात्यांनी स्वतः सांगितली, आणि तीही फार उशिरा, निवृत्तीनंतर. वाशीला गेल्यावरच्या काळात त्यांच्या टोळीत एकजण गावी लग्नाला गेला की त्याच्या जागी एक पोरगा येई. वय एकोणीस-वीस. नोंदणी नाही, बिल्ला नाही. अशांना 'बदली' म्हणतात. तो गोण्या उचली, हजेरी मात्र गावी गेलेल्याच्या नावावर लागे, महिन्याला पैसे आले की नावाचा धनी त्यातले निम्मे स्वतः ठेवून निम्मे पोराला देई. सगळ्या टोळीला हे माहीत होते. तात्यांनाही माहीत होते. मुकादमाच्या नावाने ज्यांनी आयुष्यभर बोटे मोडली, त्यांच्याच टोळीत मुकादम पुन्हा जन्माला आला होता, फक्त त्याला कोणी मुकादम म्हणत नव्हते.

एका श्रावणात, पावसाने भिजलेल्या फळीवरून तो पोरगा गोणीसकट खाली आला. गोणी कमरेवर पडली. रुग्णालयात नेल्यावर नाव, क्रमांक विचारला गेला आणि क्रमांक नव्हताच. ज्या व्यापाऱ्याचा माल होता तो म्हणाला, मी याला ओळखत नाही, माझ्या चिठ्ठीवर याचे नाव दाखवा. चिठ्ठीवर नाव नव्हते. चिठ्ठीवर नाव होते ते गावी मांडवात बसलेल्या माणसाचे. मंडळाकडे जावे तर टोळीने खोटी हजेरी लावली हे आधी कबूल करावे लागणार, म्हणून कोणी गेले नाही. टोळीने वर्गणी काढली, पोराच्या आईला गावाहून बोलावले आणि दीड महिन्याने दोघांना एस.टी.त बसवून दिले. तो चालू लागला, पण वाकूनच.

"त्या चिठ्ठीवर सही मीच घेतली होती," तात्या म्हणाले. एवढे बोलून ते उठले आणि नळावर जाऊन तोंड धुतले. त्यांच्या त्या एका वाक्याच्या कायद्याला असलेले भोक त्यांनी मला त्या दिवशी दाखवले. सही खरी होती. चिठ्ठीवरचे नाव खोटे होते. कायद्याच्या छत्रीखाली उभ्या असलेल्या अकरा माणसांनी बाराव्याला पावसात ठेवले होते, आणि छत्रीचा दांडा त्यांच्याच हातात होता.

पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचे केंद्र सुरू केले, पुढे कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. मला या कामात सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट ही, की बाजारातल्या नोंदलेल्या हमालावर न थांबता हे लोक रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या बाईपर्यंत गेले. नोंद नसलेल्याकडे जाणे हेच अवघड असते. नोंद असलेल्यांचा मेळावा भरवणे सोपे. माथाडी कायद्याने ज्या कामांची यादी केली आहे तिच्यात माल चढवणे, उतरवणे, वाहणे यांबरोबर भरणे, शिवणे, निवडणे, साफ करणे हीही कामे आहेत. निवडणे आणि साफ करणे हे काम धान्याच्या बाजारात बायका करतात. पण बाजारात 'माथाडी' म्हटले की डोळ्यांसमोर पुरुषच येतो. शब्दातच माथा आहे, आणि बायकांच्या माथ्यावरचे ओझे मोजायची आपल्याकडे रीत नाही.

आता बाजार पुन्हा हलतो आहे, पण या वेळी तो टोळीला घेऊन हललेला नाही. भिवंडीच्या बाजूने गेले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची प्रचंड गोदामे दिसतात. माल तिथेही चढतो, उतरतो, थप्पी लागते. गोणीची जागा खोक्यांनी घेतली आहे, आकड्याची जागा यंत्रांनी, आणि टोळीची जागा ठेकेदाराच्या माणसांनी. आणि त्या गोदामातून निघालेले खोके असोत की हॉटेलातून निघालेले जेवण, ते आपल्या दारापर्यंत आणणारा जो मुलगा आहे, त्याच्याविषयी मला बोलायचे आहे, कारण तो माझ्या घरातला आहे.

माझा भाचा, बहिणीचा धाकटा, बी.कॉम. झाला आणि दोन वर्षे इकडेतिकडे करून आता मोटरसायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो. एकाच कंपनीचे नाही, दोघींचे. दुपारी एकीचे ॲप चालू, रात्री दुसरीचे. त्याला कंपनीच्या भाषेत भागीदार म्हणतात. नोकर म्हणत नाहीत. गेल्या पावसाळ्यात घसरून त्याचे मनगट मोडले तेव्हा पंधरा दिवस तो घरी होता आणि पंधरा दिवस त्याचे ॲप बंद होते. ॲप बंद म्हणजे कमाई बंद. माल दुकानदाराचा, गिऱ्हाईक तिसऱ्याच घरातले, मधले पैसे कंपनीच्या हाती, आणि मालक कोण हा तात्यांचा जुना रकाना जसाच्या तसा कोरा.

२०२० मध्ये संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता केली, आणि ती इतर तीन श्रमसंहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात प्रथमच 'गिग कामगार' हा शब्द आहे. पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर राहून कमावणारा तो गिग कामगार, अशी त्याची व्याख्या. पन्नास वर्षांनंतर पुन्हा तेच, माणसाची ओळख त्याच्याजवळ नसलेल्या गोष्टीवरून. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्यासाठीच्या निधीत द्यायची, पण या कामगारांना दिल्या जाणाऱ्या पैशांच्या पाच टक्क्यांहून ती जास्त व्हायची नाही, असे तिच्यात आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये आपापले कायदे केले, त्यांत प्रत्येक व्यवहारामागे कल्याण शुल्क घेण्याची तरतूद आहे. तिच्यात मला लेव्हीची ओळखीची चाल दिसली आणि बरे वाटले.

तरी एक गोष्ट खटकते. माथाडी मंडळाने निधी तर गोळा केलाच, पण त्याआधी त्याने मजुरीच आपल्या हातून वाटायला घेतली आणि दर ठरवताना कामगाराला त्याच टेबलावर बसवले. गोणीमागे किती, हे शेटजी एकटा ठरवू शकेनासा झाला, हा त्या कायद्याचा गाभा होता आणि दवाखाना, बोनस, घर हे सारे त्यानंतर आले. नव्या कायद्यांत कल्याणाचा निधी आहे. डब्यामागे किती, हे मात्र अजून कंपनीच ठरवते, आणि तेही रोज बदलते, पाऊस पाहून, वेळ पाहून, आणि कशाकशावरून ते भाच्यालाही सांगता येत नाही. मूळ सोडून फांदी लावण्यातला हा प्रकार वाटतो. फांदीही नसण्यापेक्षा बरी, हे मान्य आहे.

मागच्या रविवारी भाचा घरी आला होता. डबे ठेवायची ती मोठी चौकोनी पिशवी त्याने दाराशी टेकवली. तात्यांनी बसल्या जागेवरून हात लांब करून तिचा पट्टा बोटांवर घेतला आणि पिशवी जराशी उचलून पाहिली. वजन बोटांवर तोलायची सवय त्यांची अजून गेलेली नाही.

"टोळीत किती जण तुम्ही?" त्यांनी विचारले.

"टोळी नसते, आजोबा. ज्याचा त्याचा नंबर."

"मग हजेरी कोण लावतो?"

भाच्याने मोबाइल पुढे केला. दिवसाचे डबे, किलोमीटर, गिऱ्हाइकांनी दिलेल्या चांदण्या, कमाई, सारे त्यात होते. तात्यांनी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला, मोबाइल खिडकीच्या उजेडाकडे नेला आणि मजकूर वरून खालपर्यंत पाहिला. भाच्याने बोटाने पान आणखी खाली सरकवून दिले. ते संपल्यावर तात्यांनी मोबाइल उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"आणि सही कुठं घ्यायची?" त्यांनी विचारले.